ऊबबाबांची मखमली पिशवी

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या मांडीवर घरातल्या गेलेल्या माणसाचा फोन होता, मखमली पिशवीत घट्ट गुंडाळलेला. समोरच्या उंच खुर्चीवर ऊबबाबा डोळे मिटून डुलत होते.

"माणूस गेला, शरीर थंड पडलं. मग ऊब कुठे गेली? नेटवर्कमध्ये गेली! फोन तापला की समजा, आपलं माणूस आलं!"

यावर चांगली शिकली-सवरलेली माणसं माना डोलावत होती. अकलेला इतकी मोठी सुट्टी दिलेली क्वचितच बघायला मिळते.

शाळेत विज्ञान शिकवणारी एक बाई आपल्या आईशेजारी दातओठ खात बसली होती. तिचा भाऊ अपघातात गेल्यापासून आई त्याचा फोन छातीशी धरून इथे यायची. तेवढ्यावर भागलं असतं तर लेक गप्प बसलीही असती. पण उद्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आणखी टाळलंत तर नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ऑपरेशन करू का, असं आईने विचारलं. "विचारा लेकाला," बाबा म्हणाले. "फोन तापला तर त्याचा नकार समजा."

आईने पिशवी गालाला लावली. "आला गं माझा बाळ! ऑपरेशन नको म्हणतोय."

लेकीने पिशवी ओढून घेतली आणि उघडली. आत फोनला पॉवर बँक जोडलेली होती, आणि स्क्रीनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू होतं.

"दारावर 'शुद्धी' म्हणून फोन घेतात ना, ती ही शुद्धी! कॅमेरा राबतोय, बॅटरी चार्ज होतेय, म्हणून फोन तापतो. आणि मखमल ती उष्णता बाहेर पडू देत नाही."

"पिशवी उघडलीस, पापिणी! आत्मा निघून जाईल!" बाबा ओरडले.

"जाऊ दे की. बघू, तुमचा फोन काय म्हणतोय."

तिने खुर्चीच्या हातावरचा त्यांचा फोन उचलला, त्याचा कॅमेरा चालू केला, पॉवर बँक जोडली आणि पिशवीत कोंबला. भावाच्या फोनचं रेकॉर्डिंग बंद करून, जाड कव्हर काढून तो पंख्याखाली फरशीवर ठेवला. बाबांनी मोठमोठ्याने मंत्र म्हणून बघितले. काही वेळाने पहिल्या रांगेतल्या शिंप्याने दोन्ही फोनना हात लावला आणि चटकन म्हणाला, "अहो, बाबांचाच तापलाय! हा बघा गार पडला."

"बाबा तर समोर जिवंत बसलेत," ती म्हणाली. "मग यांच्या फोनात कोण आलं?"

"ते माझं तेज आहे!"

"तेजाला चार्जर कशाला लागतो?"

हॉलभर हशा पिकला. ऊबबाबा मागच्या दाराने सटकले. घाईत फोनही विसरले.

"फोन तापला तर चार्जर काढा, कव्हर काढा, चालू असलेलं बंद करा, उन्हात किंवा उशीखाली ठेवू नका," ती लोकांना म्हणाली. "आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी पिशवी उघडून बघा. एवढंच करा."

आई मात्र हसली नव्हती. "म्हणजे तो कधी आलाच नव्हता?"

लेकीचा सगळा राग विरघळला. "नाही गं, आई."

"मग नको कोण म्हणत होतं?"

"तो खुर्चीवरचा."

आई गार फोनवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "यात त्याचे फोटो आहेत. मला दिसत नाहीत. उद्या किती वाजता निघायचंय?"