शून्याला काय म्हणायचे?

मित्रांनो, मी एक जुनी टेनिसची रॅकेट आहे. माझे वजन तीनशे ग्रॅम. कार्बनच्या तंतूंचे पातळ थर साच्यात दाबून, तापवून मला घडवले. माझ्या एका कडेला लांब ओरखडा आहे. तो कधी पडला ते आठवत नाही, पण त्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

खुटबावच्या धनश्रीने मला घेतले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिचे पणजोबा मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडले. ही मला पाठीवर घेऊन देशोदेशी हिंडली. व्यावसायिक खेळाडू म्हणून तिने नऊ वर्षे काढली. आमच्या स्पर्धा लहान असत. पहिल्या फेरीत हरलो की संध्याकाळच्या गाडीने पुढचे शहर गाठायचे. एकदा मात्र आम्ही अंतिम सामना जिंकला, आणि पेपरात तिच्याबरोबर माझाही फोटो आला. मग तिचा खांदा दुखावला. शस्त्रक्रियेनंतर तिची सर्व्हिस पूर्वीसारखी राहिली नाही, आणि तिने स्पर्धा सोडल्या.

पुढची दोन वर्षे मी खुटबावच्या घरी पडून होते. तिची आई बानूबाई मला हातात घेऊन गोधड्या झटकायची. मला वाईट वाटायचे. पण खोटे कशाला बोलू, गोधड्या स्वच्छ निघायच्या.

नंतर धनश्री शिरूरच्या एका कॉलेजात टेनिस शिकवू लागली. तिने मला नव्या तारा बांधल्या आणि कोरेगाव भीमाच्या तेजश्रीच्या हाती दिले. पोरीचा फटका असा, की पहिल्याच दिवशी माझ्या तारा झणझणल्या.

गेल्या हिवाळ्यात दौंडला निवड सामना होता. जिंकणारी मुलगी विद्यापीठाच्या संघात जाणार होती. तेजश्रीला तिथे जायचेच होते. पंच नव्हते, त्यामुळे सर्व्हिस करणारीने दर वेळी गुण मोठ्याने सांगायचे, असा नियम. तेजश्री मात्र तोंड उघडेना. नुसती बोटे दाखवायची.

पहिल्या सेटच्या शेवटी ती फॉर्टी-लव्हने पुढे होती; आणखी एक गुण, की गेम तिचा. समोरच्या मायाचा हिशेब चुकला. तिने विचारले, "थर्टी-लव्ह ना?"

तेजश्रीने मान डोलावली! कमावलेला एक गुण गेला. पुढचा गुणही तिनेच जिंकला. खरे तर तिथेच गेम संपायला हवा होता. पण खेळ चालू राहिला. तो गेम गेला, त्याच्याबरोबर सेटही गेला.

विश्रांतीत धनश्री तिच्याजवळ आली. "गुण का सांगत नाहीस?"

"मॅडम, आजोबा बसलेत ना तिथं."

"मग?"

"त्यांच्यासमोर लव्ह-लव्ह कसं ओरडायचं?"

धनश्रीला हसू आवरेना. ती तडक कुंपणाजवळ बसलेल्या आजोबांकडे, साहेबराव आबांकडे गेली. "आबा, ह्या खेळात शून्याला लव्ह म्हणत्यात. नात ओरडली तर दचकू नका."

"शून्याला?" आबा विचारात पडले. "म्हंजी पदरात काय नसलं तरी लव्ह हाय म्हणायचं?"

"व्हय."

आबा काठी टेकत उठले. "ए तेजे! बोल की मोठ्यानं! मी हितं मॅच बघाया आलोय, तुजं लगीन ठरवाया न्हाई!"

सगळे मैदान हसले, मायासुद्धा. तेजश्रीचे कान लाल झाले. पण दुसऱ्या सेटचा पहिला गुण मिळाल्यावर, पुढची सर्व्हिस करण्याआधी तिने मला घट्ट धरले आणि ती ओरडली, "फिफ्टीन-लव्ह!"

आवाज जरा चिरकला. पुढच्या वेळी चिरकला नाही. दुसरा सेट तिने घेतला. तिसऱ्यात माया जिवाच्या आकांताने खेळली. एका गेममध्ये तिने पुन्हा चुकीचा आकडा सांगितला, तेव्हा तेजश्री शांतपणे म्हणाली, "नाही, फॉर्टी-लव्ह. तुझा मागचा चेंडू जाळीत गेला होता." माया क्षणभर आठवत उभी राहिली. "हो गं, बरोबर," म्हणाली, आणि मागे सरकली.

तो सेट तेजश्रीने सहा-चारने जिंकला. आता आम्ही विद्यापीठाच्या संघात आहोत, आणि धनश्री रोज आमच्यावर ओरडायला समोर उभी असते. मी सुखात आहे.

मित्रांनो, रॅकेट उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, तारा सैल पडतात. हरलात म्हणून जमिनीवर आपटू नका. आणि तुम्ही मिळवलेला गुण तुम्हीच मोठ्याने सांगा. समोरच्याने चुकीचा आकडा विचारला, तर भिडेखातर मान डोलावू नका. बहुतेक वेळा विचारणाऱ्यालाही खरा आकडाच हवा असतो.