मानेवरचा मळ

मावशीच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं आणि प्रांजलीची मान काही केल्या उजळत नव्हती. स्मृती रोज आंघोळीच्या वेळी डाळीचं पीठ आणि दही कालवून लेकीच्या मानेमागचा काळा पट्टा घासत बसायची. मळ म्हणावा तर निघत नव्हता, उन्हानं रापली म्हणावी तर ही पोरगी उन्हात जात होतीच कधी? शाळेच्या बसमधून उतरली की लिफ्ट, लिफ्टमधून सोफा.

"आई, आग होतेय," त्या दिवशी प्रांजली कळवळली. स्मृतीनं हात थांबवला. मान लालभडक झाली होती आणि पट्टा जिथल्या तिथे होता.

तेव्हा कुठे तिला डॉक्टरकडे जायची बुद्धी झाली. यशवंतपूरच्या त्यांच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या पलीकडे डॉक्टर वसुमती होत्या. त्यांचं मराठी कुटुंब आजोबांच्या काळापासून बेंगळुरूतलं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात कन्नड सहज मिसळलेलं.

"लग्नापर्यंत जाईल असं एखादं क्रीम द्या," स्मृती म्हणाली.

वसुमतींनी मान पाहिली, काखेतली कातडी पाहिली, प्रांजलीला वजनकाट्यावर उभं केलं. "स्वल्प थांबा. हा मळ नाही हो. घासू नका तिला." मग मुलीकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "रात्री जेवताना तुझ्यासोबत कोण असतं गं?"

"टॅब," प्रांजली म्हणाली. खोटं बोलायचं तिला काही कारणच नव्हतं. आईचे अमेरिकेतल्या लोकांशी कॉल नेमके जेवणाच्या वेळी, बाबा रोज पीण्या या कारखान्यांच्या भागातून, गर्दीतून वाट काढत उशिरा यायचे. भूक लागायच्या आतच फोनवरून मागवलेलं काही ना काही दारात हजर व्हायचं. ते घेऊन ती पडद्यासमोर बसायची. झोपही मग आई-बाबांच्या वेळेवर, उशिरा.

रक्ताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी झाली. रक्तातलं इन्सुलिन फार वाढलं होतं, यकृतावर चरबी धरली होती. "मधुमेह झालेला नाही," वसुमतींनी आधी तेच सांगितलं, "पण वाट तिकडेच चाललीय. मानेवर जे दिसतंय ना, ती शरीराची हाक आहे. आत्ता ऐकली तर मागे फिरता येतं."

रात्री घरी आल्यावर तिच्या नवऱ्यानं, यशोवर्धननं, ते कागद चाळले आणि बाजूला ठेवले. "आमच्या घराण्यात साखर आहेच. बाबांना होती, मला आहे. आणि ही अजून लहान आहे गं, उंची वाढली की बाळसं झडेल."

स्मृतीला मात्र चैन पडेना. ज्याला आपण मळ समजून पोरीला रागावत होतो, ते दुखणं होतं, हे तिच्या मनातून जाईना. मग तिनं एका झटक्यात सगळं बंद केलं. बिस्किटं गेली, गोड दूध गेलं, टॅब कपाटात गेला. प्रांजलीच्या ताटात उकडलेल्या भाज्या आल्या आणि त्याच टेबलावर यशोवर्धन पाव-बटाट्याची भाजी खात राहिला. पोरगी नुसती त्याच्या ताटाकडे बघायची.

त्यातच वरच्या मजल्यावरच्या सुखदाचा वाढदिवस आला. स्मृतीनं आधीच तिच्या आईला फोन करून ठेवला, "प्रांजलीला केक देऊ नका हं." त्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. केक वाटताना त्या सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाल्या, "प्रांजलीला नको, तिला शुगर आहे ना! तिच्यासाठी सफरचंद कापलंय." मुलं वळून बघायला लागली. एकानं विचारलं, "हिच्याजवळ बसलं तर हे आपल्याला पण होतं का?"

प्रांजली जिन्यानं खाली आली ती थेट खोलीत. दार लावून घेतलं. स्मृतीनं किती विनवण्या केल्या, तेव्हा आतून आवाज आला, "तू सगळ्यांना सांगितलंस! आणि बाबांची तर गोळीसुद्धा चालू आहे. ते सगळं खातात. त्यांना कोणी सफरचंद देतं का?"

यशोवर्धन तेव्हाच दारातून आत येत होता. हातात घरी येताना घेतलेल्या जिलबीचा पुडा होता. तो तिथेच थांबला. मग पुडा बाजूला ठेवून लेकीच्या खोलीच्या दाराशी खाली बसला.

"प्रांजू, माझ्या बाबांचा पाय कापावा लागला होता, तुला माहितीये?" दार उघडलं नाही, पण हुंदके थांबले. "मी तेव्हा कॉलेजात होतो. ते म्हणायचे, आपल्याकडे सगळ्यांना होतं. मीही तेच म्हणत आलो. मला भीती वाटते गं, म्हणून कागद बघत नाही मी." स्मृतीनं लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून भीती हा शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी तिघं मिळून वसुमतींकडे गेले. यशोवर्धननं विचारलं, "घराण्यातच असेल तर उपयोग होतो का?"

"घराण्यातनं शरीर येतं. ताट तर रोज तुम्हीच वाढता ना? एकटीचं ताट बदलू नका, घराचं बदला. आणि तिला पळू द्या. शिक्षा म्हणून नाही, खेळ म्हणून."

बदल झाले, पण सरळ रेषेत नाहीत. स्मृतीनं ऑफिसात भांडून आठवड्यातल्या दोन दिवसांचे कॉल सकाळी घेतले, बाकीचे तसेच राहिले. तिघांची भाजी एक झाली. सगळ्यांचे फोन जेवताना आतल्या खोलीत राहायला लागले. यशोवर्धन दोनदा चोरून सामोसे खाताना सापडला आणि लेकीनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. लग्नात प्रांजलीनं जिलबी खाल्ली आणि स्मृती गप्प बसली. फिरायला जायचा प्रांजलीला कंटाळा यायचा. पण मागच्या वस्तीतल्या मैदानात मुली थ्रोबॉल खेळायच्या, त्यांना एक भिडू कमी पडत होता. पहिल्या आठवड्यात तिला धाप लागायची आणि चेंडू हातातून निसटायचा. "बा, बा, बेगा!" ये, ये, लवकर, असं त्या कन्नडमध्ये ओरडायच्या, आणि ही चेंडूमागे पळायची.

पावसाळ्यानंतर पुन्हा रक्त तपासलं. इन्सुलिन उतरलं होतं, हवं तेवढं नाही, पण उतरलं होतं. यकृताला वेळ लागेल, वसुमती म्हणाल्या. यशोवर्धनची गोळी होती तेवढीच राहिली.

एका संध्याकाळी स्मृती भाकरी थापत होती. दार धाडकन उघडलं. प्रांजली धुळीनं माखलेली, केस विस्कटलेले, श्वास वर-खाली.

"आई, भूक लागलीये!"

स्मृतीचा हात परातीतच थांबला. 'काय मागवायचं?' हे तिनं लेकीच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. भूक लागलीये, हे शेवटचं कधी ऐकलं ते तिला आठवेना.

"हातपाय धू, बस. बाबा येईतोवर दम धरशील?"

"धरते," प्रांजली म्हणाली, आणि ओट्यावरची काकडी उचलून तिनं कचकन चावली.