ऐन उन्हाळ्यात स्वेटर

सुनेने आपणहून "कपडे घ्यायला चला" म्हटलं, तेव्हा माईच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

नऊ वर्षांत ही बाई सासूला घेऊन कपड्यांच्या दुकानात कधी गेली नव्हती. कारण साधं होतं. माईबरोबर खरेदी म्हणजे अख्खा दिवस मातीत. माईने अठ्ठावीस वर्षं शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात काजं-बटणं केली होती. ती कपडा आधी उलटा करायची, शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, किती सोडलीय ते नखाने बघायची, बटण पिरगाळायची, आणि मग स्वतःला तीन प्रश्न विचारायची. कुठे घालणार? कधी घालणार? कितीदा घालणार? तिन्हींचं सरळ उत्तर आलं तरच कपडा घरी यायचा. सकाळची प्रार्थना जशी चुकायची नाही, तसा हा नेमही चुकायचा नाही. सुट्ट्यांच्या सेलमध्ये लोक पिशव्या भरभरून नेत असताना माई बहुतेकदा रिकाम्या हातांनी आणि प्रसन्न चेहऱ्याने घरी यायची. बरोबर गेलेलं माणूस डोकं धरून यायचं.

आणि आज तीच सून म्हणत होती, "सुट्ट्या आल्यात ना आई. तुम्हाला चांगले सात-आठ जोड घेऊ."

"सात-आठ? माझं लग्नबिग्न ठरवलंयस की काय?"

सून हसली, पण डोळ्याला डोळा न देता.

देवा, माझ्या मनात पाप येऊ देऊ नकोस, असं माई बसमध्ये बसल्या बसल्या म्हणाली. पण मन ऐकेना. गेल्या वर्षी अशाच सुट्ट्यांत तिच्या कारखान्यातल्या मैत्रिणीला, जिला सगळे कॉलरवाली म्हणत, मुलांनी वृद्धाश्रमात ठेवलं होतं. पंधरा दिवस फक्त, आम्ही फिरून येईपर्यंत. मुलं फिरून आली, फोटो दाखवून झाले, कॉलरवाली अजून तिथेच. माई भेटायला गेली तेव्हा ती पुढून बटणांच्या गाऊनमध्ये खुर्चीवर बसली होती आणि गळ्याच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने तिचं नाव घातलेलं होतं. "सात आणायला लावले गं," ती म्हणाली होती. "वाराला एक. धुलाईत हरवू नयेत म्हणून नाव."

दुकान माणसांनी फुलून गेलं होतं. सून इकडे तिकडे न बघता थेट गाऊनच्या रांगेकडे गेली. तिच्या मुठीत एक घडी केलेला कागद होता. मूठ उघडायची, कागदावर नजर टाकायची, पुन्हा मिटायची.

"पुढून बटणांचे दाखवा हो," तिने काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. "सात."

माईला कॉलरवालीचे सात गाऊन आठवले. पण चेहऱ्यावर तिने सुरकुतीही हलू दिली नाही. एवढ्या वर्षांत मुकादमापुढे तिने हेच एक शिकून घेतलं होतं.

"पुढून बटणं कशाला? मी काय दूधपितं बाळ पदरी घेऊन बसणारेय?"

काउंटरवरची मुलगी फिसकन हसली. सून म्हणाली, "घालायला सोपे पडतात, आई. तुमचा खांदा दुखतो ना."

"खांदा चार वर्षं दुखतोय. तुला आज कळलं?"

माईने पहिला गाऊन हातात घेतला. उलटा केला. एकेक काज बोटाने चाचपायला लागली. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की जोवर कपडे घेतले जात नाहीत, तोवर आपल्याला कुणी कुठे पाठवू शकत नाही. आयुष्यभर जे खऱ्या निगुतीने केलं, ते आज पहिल्यांदाच ती वेळकाढूपणासाठी करत होती, आणि त्याची तिला मनातून लाजही वाटत होती.

"याची काजं विरलीत."

"याला माया नाही. दोन धुण्यांत शिवण उसवेल."

"हा रंग उतरणारा आहे. थुंकी लावून बघ, नाही तर मी लावते."

"अहो आजी, नको!" मुलीने गाऊन चटकन ओढून घेतला.

पाऊण तास गेला. बाकावर नाकारलेल्या गाऊनांचा ढीग झाला. सुनेच्या कपाळावर घाम आला. शेवटी तिने माईला न विचारताच सात गाऊन वेगळे काढले, हातावर टाकले, आणि मूठ उघडून पुढची ओळ वाचली.

"इलॅस्टिकचे पायजमे चार. मोजे सहा. आणि… जाड स्वेटर दोन."

मुलीने वर पाहिलं. "आत्ता? ताई, बाहेर डांबर वितळतंय. स्वेटर माळ्यावर टाकलेत. शिडी आणून काढावे लागतील."

"काढा ना. हवेत."

मुलगी कुरकुरत शिडी आणायला गेली. माई बाकावर बसली. ढीग बाजूला सारून तिने सुनेसाठी जागा केली.

"बस."

"आई, उशीर होतोय."

"बस म्हटलं ना. ते सात गाऊन मांडीवर ठेव नि बस. आणि मला एवढंच सांग. ते स्वेटर मी कधी घालणार?"

सून बसली. मांडीवरच्या कपड्यांकडे बघत राहिली. मग एकदम, पोटातलं ओकून टाकावं तसं म्हणाली, "आम्ही दोघं सुट्टीला जाणार आहोत. पंधरा दिवस. तेवढे दिवस तुमची तिकडे… आश्रमात सोय केलीय. चांगला आहे तो, बाग आहे. त्यांनीच ही यादी दिली. तुम्हाला कसं सांगावं तेच कळेना, म्हणून म्हटलं आधी कपडे घेऊ."

"म्हणजे आधी बकऱ्याला हार घालायचा."

"असं नका ना बोलू."

"बरं, नाही बोलत." माईचा आवाज खाली आला. राग आला की तिचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. "पंधरा दिवस म्हणालीस. परत याल तेव्हाही उन्हाळाच असेल. थंडीला पाच महिने आहेत. मी विचारतेय स्वेटरबद्दल."

सुनेने कागद उघडला. या वेळी पूर्ण. ओठ हलवत वरपासून खालपर्यंत वाचला, आणि तळाशी आली तेव्हा तिचे ओठ थांबले. माई तिच्या हातांकडे बघत होती. तोंड खोटं बोलू शकतं. कारखान्यात तिने पाहिलं होतं, हातांना तेवढं जमत नाही. सुनेचा अंगठा शेवटची ओळ झाकून बसला होता.

"काय लिहिलंय?"

"कायम निवासासाठी लागणारे कपडे."

"हे तुला आत्ता कळलं?"

सुनेने कागदाची घडी घातली. आणि मग जे बोलली ते ऐकून माईला वाटलं, ही निदान आता तरी खरं बोलतेय. "यांनी कागद दिला तेव्हा स्वेटर दिसला होता मला. खटकलं होतं. पण मी पुढे वाचलंच नाही, आई. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं ना."

"मांजर डोळे मिटून दूध पितं," माई म्हणाली. "लाव फोन त्याला. मोठ्याने ऐकू येईल असा."

फोन लागला. "झाली का खरेदी?" मुलाचा उत्साही आवाज.

"आईंना तिथे किती दिवस ठेवायचं ठरलंय?"

"पंधरा. सांगितलंय ना."

"मग यादीवर कायम निवास का आहे?"

पलीकडून दबका आवाज, "आई शेजारी आहे का?"

माईने फोन हातात घेतला. "शेजारीच आहे, बाळा. बोल."

"आई, तसं नाही गं. म्हटलं पंधरा दिवस राहून बघशील, आवडलं तर…"

"आवडलं तर मी सांगेन. माझी जीभ अजून शाबूत आहे. तुम्ही दोघं खुशाल सुट्टीला जा. मी घरी राहणार. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई सकाळ-संध्याकाळ डोकावतील. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय."

"कधी बोललीस?"

"तू परवा माझ्या खोलीच्या भिंतींची मापं घेत होतास ना, तेव्हा."

सुनेने झटकन मान वर केली. हे तिलाही माहीत नव्हतं.

"आई, पण खोली ठरवलीय तिथे. असं एकदम…"

"ती मोड. आत्ता. आणि तिथल्या बाईंना सांग, मोडली म्हणून मला याच फोनवर कळवा. तुझ्यावर विश्वास नाही असं नको समजूस. पण मी काजंवाली. बटण काजातून गेल्याशिवाय मी माल पुढे सोडत नाही."

फोन बंद करून तिने तो आपल्या मांडीवर ठेवला. मुलगी शिडीवरून दोन स्वेटर घेऊन आली, धूळ झटकत, शिंकत. "घ्या. नेमके तळाशी होते."

"ठेव बाई इथेच. आम्ही जरा थांबतोय."

"कुणासाठी?"

"उत्तरासाठी."

वीस मिनिटं दोघी बाकावर बसून होत्या. आजूबाजूला लोक पडद्याआड जात होते, नवे कपडे घालून बाहेर येत होते, आरशात वळून वळून पाठ बघत होते. सून एकदा म्हणाली, "मी त्यांना घरी गेल्यावर विचारणार आहे, आई. मापांचं." माईने हं म्हटलं. तिचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही. ही आपल्या बाजूची आहे की वारा बघून पाठ फिरवतेय, हे इतक्यात कळण्यासारखं नव्हतं.

फोन वाजला. एक थकलेला बायकी आवाज म्हणाला, तुमच्या नावाची खोली रद्द केलीय.

"माझं नाव वाचून दाखवा," माई म्हणाली. त्या बाईने नाव वाचलं. "जन्मतारीख?" तीही वाचली. "आणि पंधरा दिवसांची वेगळी काही नोंद?"

"तीही नाही, आजी. काहीच नाही आता."

माईने डोळे मिटून क्षणभर हात जोडले. सुनेने सुस्कारा टाकला. "चला आता, आई. उठा."

"आधी ते गाऊन परत जागेवर लाव."

"ती मुलगी लावेल ना."

"तू लाव."

सून उठली. एकेक गाऊन हँगरवर चढवून रांगेत अडकवू लागली. माई बाकावर बसून ओठांतल्या ओठांत मोजत होती. चार. पाच. सहा. सून थांबली, इकडे तिकडे बघू लागली. माईने बोटाने दाखवलं, स्वेटरखाली एक राहिला होता.

तो लागल्यावर माई उठली.