केल्विनचं बारा बेअरिंगचं रीळ

इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीत चाऱ्याची जाळीदार डबी टाकून मासे धरायचे, तर डबी दर वेळी त्याच जागी पडायला हवी. त्यासाठी गळाच्या रिळाला एक चिमटा असतो. त्यात दोरी अडकवली की ठरलेल्या अंतराच्या पुढे ती सुटत नाही. स्वस्तातलं रीळ घेताना मी तेवढंच बघतो. दुकानात माझा मेहुणा केल्विन मात्र नुसती एका रिळाची दांडी फिरवत बसला होता.

"बारा बेअरिंग आहेत. लोण्यासारखं फिरतंय बघ."

"चिमटा प्लास्टिकचा आहे, केल्विन."

"तू घे तुझं ते खडखडं. कॉफी दळायला होईल."

पालथ्या घड्यावर पाणी. मी त्याच किमतीचं, धातूच्या चिमट्याचं रीळ घेतलं.

रविवारी क्लबच्या स्पर्धेत केल्विनने पलीकडच्या काठाजवळचं अंतर धरून दोरी चिमट्यात अडकवली आणि डबी जोरात फेकली. चिमटा तुटला. डबी नदी ओलांडून समोरच्या वाळुंजाच्या फांदीला लटकली. काठावरचे सगळे बघत होते. मीही बघत होतो.

केल्विनने ओढून दोरी तोडली, रिकामी दोरी शांतपणे गुंडाळून घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "फिरतंय मात्र लोण्यासारखं."