पोटोबाच्या पोटातून

आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात मला सगळे पाठीमागे पाकीटबाई म्हणतात. म्हणोत बापडे. कुत्र्याच्या पोटातून जे काही निघेल ते धुवायचं, वाळवायचं, कागदी पाकिटात घालायचं आणि वर तारीख, जनावराचं नाव लिहून मालकाच्या हातात ठेवायचं, ही शिस्त मीच लावली. माझ्या आधी डॉक्टर ते सरळ कचऱ्यात टाकायचे आणि चार दिवसांनी मालक यायचा भांडायला, की माझी अंगठी तुम्हीच ढापली. मी आल्यापासून तसं एकदाही झालं नाही. मोजे, रिमोटची बटणं, बाहुलीचा हात, पट्ट्याचं बक्कल, सगळं मी या हातांनी धुतलंय. या कामाचा मला फार अभिमान होता.

पोटोबा हे नावही आम्हीच ठेवलेलं. घरी त्याला काहीतरी झकपक नाव होतं, पण जो कुत्रा एका वर्षात दोन मोजे, एक साबण आणि अर्धी पायपुसणी खातो त्याला दुसरं काय म्हणणार? तांबूस रंगाचा, वासराएवढा थोराड, शेपटीला झुपका आणि चेहऱ्यावर कायम 'मी नाही खाल्लं' असा भाव. त्याला घेऊन आजी यायच्या, म्हणजे त्याच्या मालकाची आई. सडपातळ बाई, तीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात बटणं लावण्यात गेलेली. तोंडाने फटकळ. एकदा मी पाकीट हातात दिलं तर वरचं माझं अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसत सुटल्या.

"याच्या पोटात घातलं की तुझ्याकडे पोचतं," म्हणाल्या. "पोस्टापेक्षा बरं आहे हे. शिवाय धुऊन परत!"

मग आजी यायच्या बंद झाल्या. पोटोबाला आता त्यांचा मुलगा आणायला लागला. चाळिशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. आई कुठे आहे विचारलं तर म्हणाला, "धाकट्या बहिणीकडे गेली. परदेशात. आता तिकडेच राहणार." आजी निरोप न घेता गेल्या याचं मला थोडं वाईट वाटलं. पण म्हटलं, आपण कोण लागतो त्यांच्या?

साधारण महिन्याने तो पोटोबाला अक्षरशः उचलून घेऊन धावत आला. कुत्रा सकाळपासून काही खात नव्हता, नुसता ओकाऱ्या काढत होता. डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. मी पातेलं धरलं. आत पडला राखाडी लोकरीचा मूठभर गोळा, आणि सोबत लाकडाच्या चार-पाच ढलप्या, एका बाजूने पिवळट रंग दिलेल्या.

"आईचा स्वेटर," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तिचा वास शोधत फिरतो हो दिवसभर. दारं कुरतडतो."

डॉक्टर म्हणाले, असं होतं. ज्या माणसाची आठवण येते त्याच्या वासाची वस्तू कुत्रा चावतो. मला सहसा रडू येत नाही, त्या दिवशी आलं. मी लोकर धुतली, वाळवली, पाकिटात घातली. मी पाकीट मुलाच्या हातात दिलं तेव्हा पोटोबा एकदम कळवळून ओरडला. दुखत असेल, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी परत तेच. या वेळी तीन बटणं निघाली, एकाच दोऱ्यात ओवलेली. दोऱ्याला लागोपाठ पाच गाठी होत्या. बटणं पाकिटात नीट बसेनात, म्हणून मी कात्रीने दोरा कापून टाकला आणि तीनही बटणं एका रांगेत चिकटवली. किती छान दिसत होती! आता ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

पुढच्या खेपेला उशीच्या अभ्र्याची पट्टी निघाली. तिलाही गाठी. मी डॉक्टरांना दाखवली, तर ते एका मांजराच्या कानात डोकावत होते. "पोटात पीळ पडतो," एवढंच म्हणाले. पोटोबा टेबलावर बसून माझ्या हातांकडे बघत होता. तोंडाकडे नाही, खाऊच्या डब्याकडे नाही, हातांकडे. कुत्रे माझ्याकडे खूप प्रकारे बघतात, पण तसं कोणी कधी बघितलं नव्हतं. मी पाकीट बंद केलं तशी त्याने मान खाली टाकली. मी मुद्दाम दुसऱ्या कामाला लागले.

चौथ्या वेळी डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मी तो दिव्यावर लावला. पोटोबाच्या पोटात दात होते. माणसाचे. कशालाही न चिकटलेले, नुसते हवेत धरल्यासारखे, गोलाकार ओळीत, शिस्तीत.

"कवळी आहे," डॉक्टर म्हणाले. "चिनी मातीचे दात तेवढे दिसतात, हिरड्यांचा भाग दिसत नाही. ही उलटीने काढायची नाही, अन्ननळी फाटेल. पोट उघडावं लागेल."

मुलगा बाहेर बाकावर बसून हुंदके देत होता. "वाचेल ना हो ताई? माझं दुसरं कोणी नाही." मी त्याला पाणी दिलं. दोन तासांनी कवळी बाहेर आली. तिच्याभोवती एक लांब पांढरा केस गुंडाळलेला होता. कुत्र्याच्या पोटात केस निघतातच, मी नळाखाली धरला आणि तो वाहून गेला.

डॉक्टर हातमोजे काढता काढता मुलाला म्हणाले, "आई परदेशात आणि कवळी इथे?"

"जाताना नवी करून दिली," तो म्हणाला. श्वासही न घेता म्हणाला. मला तेव्हा खटकलं. खटकलं, आणि मी पाकिटावर तारीख घातली.

दहा दिवसांनी तो टाके काढायला पोटोबाला घेऊन आला. कुत्र्याच्या तोंडाला चामड्याचं मुसकं होतं, घट्ट बांधलेलं. "आता काय बिशाद आहे काही खायची!" मुलगा हसून म्हणाला. "जेवायला देतानाच काढतो. समोर उभा राहून."

मी पोटोबाला टेबलावर कुशीवर निजवलं आणि मागचे पाय धरले. डॉक्टर एकेक टाका कापत होते. गाठीच्या खाली कात्री घालायची, गाठ चिमट्याने उचलायची, दोरा ओढायचा. हजार वेळा बघितलंय मी. पोटोबा हूं की चूं करत नव्हता. नुसती शेपटी हलवत होता, पण खुशीत हलवतात तशी नाही. तो ती पुन्हा पुन्हा माझ्या मनगटावर आपटत होता. शेवटी वैतागून मी शेपटी हातात धरली.

झुपक्याच्या आत, अगदी मुळाशी, बोटाला काहीतरी लागलं. मी केस बाजूला केले. तांबूस केसांच्या एका बटेभोवती पांढरा केस बांधलेला होता. लांब, चकचकीत, माणसाचा. त्याला गाठी होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळ्या सारख्या अंतरावर.

मला एवढंच सुचलं, की कुत्र्याला गाठ मारता येत नाही.

पोटात पीळ पडेल, गुंता होईल. गाठ होणार नाही. ती मारायला दोन हात लागतात. आणि पोटोबाला मी स्वतः दहा दिवसांपूर्वी ऑपरेशनसाठी साबणाने धुतलं होतं, शेपटीसकट. तेव्हा हा केस नव्हता. म्हणजे या दहा दिवसांत कोणीतरी त्याच्या शेपटीला तो बांधला होता. तोंडाला मुसकं आलं म्हणून शेपटीला.

"डॉक्टर," मी म्हणाले, "टाक्यातून पाणी येतंय का बघता?" आणि शेपटी त्यांच्यासमोर धरली. मुलगा दारात उभा होता, त्याला दिसू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. बराच वेळ बघितलं. एकेक गाठ नखाने मोजली. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हो, जरा येतंय. साहेब, दोन तास ठेवून घेतो याला. तुम्ही बसा त्याच्याजवळ." आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी पोलिसांना फोन लावला.

मी पर्स घेऊन मागच्या दाराने निघाले. निघताना वळून बघितलं, तर तो जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि पोटोबाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. त्याने वर बघितलं. "ताई, काळजीचं काही नाही ना?" त्याला खरंच काळजी होती. त्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल, तर त्या काळजीची.

पत्ता कार्डावर होताच. दोन गल्ल्या सोडून घर. थोड्या वेळाने पोलीसबाई एका किल्लीवाल्याला घेऊन आल्या, त्याने बाहेरचं दार उघडलं. आत सगळं लख्ख. भांडी घासून पालथी घातलेली, खिडकीत कुंड्या, टेबलावर कुत्र्याचं प्रोटीनचं पाकीट. स्वयंपाकघराच्या मागे सामानाची खोली होती. दार पिवळट रंगाचं, बाहेरून कुलूप. दाराची खालची कड एका कोपऱ्यात कुरतडून कुरतडून खाल्लेली होती. मनगट जाईल एवढी फट.

"आजी," मी हाक मारली. मी गुडघ्यांवर बसले, मग पोटावर आडवी झाले आणि हात फटीजवळ ठेवला. "आजी, आहात का?"

फटीतून बोटं बाहेर आली. चाचपडत. सुकलेली, लांब नखांची चार बोटं. माझ्या हाताला लागली, वर सरकली, मनगटावरून फिरली. ती पोटोबाचे केस शोधत होती, त्याचं नाक शोधत होती. नुसती कातडी लागली तशी जागच्या जागी थांबली, आणि झटकन आत गेली. मी तोंडावर हात दाबून धरला. किल्लीवाला "हलकेच, हलकेच" असं स्वतःशीच पुटपुटत कुलपाशी झटापट करत होता.

दार उघडलं तेव्हा आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. उशीला अभ्रा नव्हता. अंगावरच्या स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत उसवलेली, पुढे एकही बटण नाही. पण केस विंचरलेले होते, डोळे स्वच्छ होते. फळीवर चार पाकिटं उभी करून ठेवलेली. तारखा माझ्या हातच्या.

"आजी, मी दवाखान्यातली."

"ओळखते की." कवळी त्यांनी पाकिटातून काढलीच नव्हती; गाल आत गेलेले होते, शब्द ओले येत होते, पण सगळे समजत होते. "तुझं अक्षर आहे ना माझ्याकडे. जेवणाच्या ताटाबरोबर आत सारायचा. म्हणायचा, आई, बघ, आलं परत."

पोलीसबाईंनी विचारलं, किती दिवस झाले? त्या म्हणाल्या, पहिल्यांदा रस्ता चुकले तेव्हा एक दिवस कोंडलं. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा चार. मग शेजारी विचारायला लागले आणि त्याने मला परदेशात पाठवून दिलं. हे सांगताना त्या चक्क हसल्या.

माझ्याच्याने राहवलं नाही. त्यांचे पाय धरून मी ढसाढसा रडले. "मला कळलंच नाही हो. मी गाठी कापल्या. धुऊन धुऊन त्याच्याच हातात दिलं सगळं."

"मला वाटलं, तूही त्याला सामील आहेस," त्या म्हणाल्या.

"मग तरी पाठवत राहिलात?"

"दुसरं कोण होतं मला?"

मी उठवायला हात पुढे केला तर त्यांनी तो धरून मला खालीच बसवलं. "मुलाचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी कुत्र्याचं सांग. टोचू नये म्हणून मी लोकर, बटणं, चिंधी असलंच देत होते त्याला. कवळी मात्र टोचली असेल. त्याने घेतलीच नव्हती तोंडात, मी कोंबली. फाडावं लागलं का?"

"हो."

"केवढं?"

मी अंगठा आणि पहिलं बोट ताणून दाखवलं. जेवढं होतं तेवढं. त्या माझ्या बोटांमधल्या अंतराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझी दोन्ही बोटं धरली आणि हळूहळू जवळ आणायला लागल्या. अजून थोडी. अजून थोडी. मध्ये जेमतेम एका बटणाएवढी जागा उरली तेव्हा त्या थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"एवढंच ना गं?"

"एवढंच, आजी," मी म्हणाले.