एक्झिल्डाचे माहेर

"पुन्हा आलाय," खिडकीचा पडदा बोटभर सारून एर्मीन म्हणाली. "बघ, दफनभूमीतल्या एकेका दगडावरचा बर्फ झाडून वाचतोय मेला."

ओव्हीद हा गावचा कबरी खणणारा. परंतु एप्रिल उजाडूनही भूमी गोठलेलीच असल्याकारणाने तो तिच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचे सूप भुरकत बसला होता.

"गाडी सीमेपलीकडची, अमेरिकेची आहे," तो म्हणाला. "मला विचारत होता, एक्झिल्डा रोबिदाची कबर कुठंय. आपलीच भाषा, पण लंगडत बोलतो."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, अर्धं गाव रोबिदा आहे, शोध बाबा! पण एक्झिल्डा तुझीच आजी ना गं? तुझ्या मेपलच्या रानावर तर डोळा नाही त्याचा?"

एर्मीनच्या अंतःकरणातही तीच शंका घर करून बसली होती. गेल्याच वर्षी असाच एक दूरचा नातलग उगवला होता आणि त्याने ओव्हीदच्या भावाचे रान कोर्टात ओढले होते. एर्मीनने आयुष्यभर शाळेच्या भटारखान्यात बटाटे सोलले. वडिलांचे ते रान एवढेच तिचे ऐश्वर्य.

आजीला अकाली वैधव्य आले, तेव्हा ती माहेरी, कुर्तमांशांच्या शेतावर परतली आणि पुढे निजलीही माहेरच्याच माणसांत. या गावात दगडावर स्त्रीचे माहेरचेच नाव कोरतात. नवऱ्याच्या नावाने शोधणाऱ्या त्या मनुष्यास ती उन्हाळ्यापर्यंत सापडली नसती. एर्मीन हे जाणून होती, आणि मौन धरून होती.

दुपारी दार वाजले.

"बाई, तुम्ही रोबिदा ना? मी नॉर्मन हेस्टिंग्ज. रोझ-अल्मा रोबिदाचा मुलगा. एक्झिल्डा माझी आजी."

"असली कुणी रोझ-अल्मा मी ऐकलेली नाही. आणि रानाचे कागद वकिलाकडे आहेत, सांगून ठेवते."

"कसलं रान?" तो गोंधळला. "आई जानेवारीत गेली. तिकडेही जमीन गोठलीय, शवपेटी अजून पुरता आलेली नाही. तिला तिच्या आईजवळ ठेवायचंय, एवढंच."

"आधी कधी का नाही आलात?"

"तिनं प्रोटेस्टंटाशी लग्न केलं, म्हणून इकडच्या कॅथलिक घरात कुणी तिचं नाव काढलं नाही. नंतर झटका आला, वाचा गेली. मी लहान असताना मात्र सांगायची. अमेरिकेतल्या गिरणीत कामाला निघाली, तेव्हा स्टेशनवर भाऊ म्हणाला होता, 'अल्मा, मेलीस तरी परत ये. जागा राखून ठेवतो.'"

"भावाचं नाव?" एर्मीनने कठोर स्वरात विचारले.

"अदेलार. डाव्या हाताची दोन बोटं आरीनं गेलेली."

तो हात एर्मीनच्या वडिलांचाच. मग तिने बूट चढविले. "चला," ती म्हणाली.

दफनभूमीच्या टोकाला कुर्तमांशांचा दगड होता. ओव्हीदही कुतूहलाने पाठोपाठ आला. सर्वांत वर एक्झिल्डा कुर्तमांश, त्याखाली अदेलार, मग त्याची बायको. मग एक ओळ कोरी. आणि अगदी तळाशी एर्मीनचे स्वतःचे नाव, जन्मसालासह. वडिलांनी मरणापूर्वी, रिवाजाप्रमाणे, तेही कोरून घेतले होते.

"ही मधली जागा कुणाची?" नॉर्मनने विचारले.

"ती होय?" ओव्हीद खिदळला. "ती आमच्या एर्मीनच्या नवऱ्याची! म्हातारा शेवटपर्यंत जावयाची वाट बघत—"

"ओव्हीद, पुरे."

तीस वर्षे ती ही थट्टा ऐकत आली होती. वरवर चिडे, परंतु वडिलांनी आपल्याविषयी शेवटपर्यंत आशा सोडली नाही, हा विचार कित्येक हिवाळ्यांत तिने उशाशी घेतला होता. आता तिने त्या कोऱ्या ओळीवरचा बर्फ झाडला.

"तुमच्या आईची आहे," ती म्हणाली. "ओव्हीद, जमीन मऊ झाली की पहिली इथं खण."

नॉर्मनने टोपी काढली. त्याने विचारले, "रोझ-अल्मा हेस्टिंग्ज, असंच कोरायचं ना?"

"छे! रोबिदा. ती आमची आहे."

एवढे बोलून ती बर्फात गुडघ्यांवर बसली. नाव मावते की नाही हे पाहण्याकरिता तिने त्या ओळीवर वीत ठेवली. एक वीत, मग दुसरी.

मावत होते.