गायीचं पान

सर्वपित्री अमावास्येला दुपारी तीनच्या सुमारास बत्ताशानं पुढचा पाय आपटायला सुरुवात केली. मी ओसरीवर आडवी झाले होते. मला वाटलं, माश्या चावत असतील. पहाटेपासून वडे, खीर, अळू, भोपळा, गवार असा सगळा स्वयंपाक एकटीनं रेटून कंबर मोडली होती. मुलगा मितेश कावळ्याचं पान ठेवून सेकंड शिफ्टला गेला होता.

बत्ताशा म्हणजे आमचं तट्टू. पांढरं, बुटकं, पोट सुटलेलं आणि महाबेरकी. माझे यजमान त्याला घेऊन अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या पोरांना फेऱ्या मारायचे. पावसाळ्याचे चार महिने दोघं घरी यायचे. घरी म्हणजे गोठ्यात, दोघंही. मी त्याला कधी हात लावला नाही. सवतीला कोण हात लावतं?

यजमान गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. पहिलं दीड वर्ष मी बत्ताशाला रोह्याला भावाकडे धाडलं, कारण तो दिसला की मला रडू यायचं. भाऊ थकला आणि यंदा मे महिन्यात टेम्पोत घालून परत आणून सोडला. तेव्हापासून त्याची लीद काढता काढता माझा जीव त्याच्यात अडकला. यजमानांना माझ्याइतकं ओळखणारं त्याच्याशिवाय दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

उठून बघते तर तो मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे पाहत होता. खाली बसला, धडपडून उठला, परत बसला आणि लोळायला लागला. मानेवर घाम. सकाळपासून लीद नाही.

शेजारची हौसा माझी हाक ऐकून धावत आली. "पोट फुगलाय गो त्याचा. बैलाला पाजतात तसा तेल पाज. थांब, मी नळकांडा आणते." तिच्याकडचे बैल जाऊन सहा वर्षं झाली, पण माळ्यावर बांबूचं नळकांडं अजून आहे. ते घेऊन ती आलीसुद्धा. तेवढ्यात मला पेणच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन लागला. ऋतुजा नावाची मुलगी, वयानं माझ्या भाचीएवढी.

"मावशी, तोंडात काहीही ओतायचं नाही," ती म्हणाली. "चुकून तेल फुप्फुसात गेलं तर जनावर हातचं जाईल. घोडा गाय-बैलासारखा नसतो, त्याला रवंथ नाही आणि उलटीही होत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं. लोळू देऊ नका, हळूहळू चालवा. मी तासाभरात पोचते. आज काय खाल्लंय त्यानं?"

"गवत," मी म्हणाले.

धडधडीत खोटं. आमच्याकडे या दिवशी पितरांच्या नावानं पानं काढतात, एक कावळ्याचं, एक गायीचं. पण वाडीत आता गाय आहे कुठे? पॉवर टिलर आला, बैल गेले, पाठोपाठ गायी गेल्या. शेवटची चैत्रात गेली. मग गायीचं पान ठेवायचं कुणापुढे? माझ्या दारात चार पायांचं, गवत खाणारं एक जनावर उभं होतं. त्यातून यंदा यजमानांच्या नावाचं पहिलंच पान. गेल्या वर्षी वर्ष सरलं नव्हतं म्हणून काढलं नव्हतं. मी हात सैल सोडून वाढलं. सहा वडे, भाताची मूद, वाटीभर खीर. बत्ताशापुढे ठेवलं आणि म्हटलं, "खा रे, त्यांचंच हाय." त्यानं पानसुद्धा चाटून पुसून ठेवलं. माझं मन भरून आलं होतं. आता त्याच मनात एकच गोष्ट घुमत होती, त्यांच्या घासानं मी त्यांचं जनावर मारलं.

हौसाला दारात बसवून मी त्याला बाहेर काढलं. पाऊस उघडला होता. बांधावरून मी ओढत होते गावाकडे, पण तो ओढत होता गागोद्याच्या रस्त्याकडे. शेवटी म्हटलं, चल बाबा, तुझंच खरं. मध्येच थांबायचा, गुडघे वाकवायचा. मी लगाम खेचून त्याला शिव्या द्यायचे आणि त्याच दमात गोंजारायचे. अर्ध्या कोसावर एका शेतघरापाशी तो आपोआप वळला. अंगणात मोरू नावाचा एक म्हातारा दोर वळत बसला होता.

"हा हिरामणचा घोडा ना?" तो म्हणाला. "यंदा उशीर केलास गो. दर सर्वपित्रीला सकाळीच यायचा तो याला घेऊन. दिवसभर हितं बांधायचा, सुका पेंढा घालायचा नि सांज झाली की जायचा."

"कशाला?"

"वाडीतल्या बाया गायीबरोबर यालापण वडे चारतात म्हणायचा. नाय म्हणलं तर पितरांचा मान मोडतो, व्हय म्हणलं तर घोडा मरतो. त्यापेक्षा आपणच पळालेलं बरं."

मी तिथेच बत्ताशाच्या मानेला धरून उभी राहिले. वीस वर्षं दर सर्वपित्रीला मी त्या माणसाशी भांडले होते. आईबापाच्या पानाला थांबत नाही, घोड्याला घेऊन भटकतो, लाज कशी वाटत नाही, असं काय काय बोलले होते. तो नुसता हसायचा. अरे, सांगायचं तरी! पण मी ऐकून घेतलं असतं का? मुळीच नाही. पितरांचं अन्न कुणाला बाधतं होय, म्हणून उलट तेच दोन वडे जास्त चारले असते.

परत आलो तर डॉक्टरीण दारात उभी होती आणि तिच्याभोवती निम्मी वाडी. तिनं पोटाला नळी लावून ऐकलं, इंजेक्शन दिलं आणि परत विचारलं, "खरं सांगा. काय खाल्लं? त्यावर पुढचं ठरणार आहे."

सगळ्या बाया पदर चावायला लागल्या. पितरांच्या अन्नानं जनावर आजारी पडलं, हे तोंडानं म्हणायचं कुणी? मला माहीत होतं, मी बोलल्याशिवाय दुसरी कुणी बोलायची नाही.

"मी सहा वडे घातले," मी म्हणाले. "भात, खीर. गवत खाल्लं म्हटलं ते खोटं होतं."

"माझं चार वडं," हौसा हळूच म्हणाली. "तू धुणं वाळत घालत होतीस तवा."

"माझी खीर," बायजाबाई म्हणाली. "नि थोडा भात. थोडा म्हणजे, पान भरून."

मग थांबेचना कुणी. सगळं ऐकून डॉक्टरीण कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, एका तट्टानं अकरा घरचे पूर्वज जेवून घेतले!" हसायचं की रडायचं ते कुणाला कळेना.

तिनं त्याच्या नाकातून बारीक नळी पोटापर्यंत घातली आणि कोमट पाणी सोडून आंबलेला भात बाहेर काढला. मी त्याचं डोकं छातीशी धरून होते. घाबरला होता बिचारा, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. "मी हाय," एवढंच म्हणत राहिले. मग पुन्हा चालवणं. अंगणात फेऱ्या, मी पुढे, बत्ताशा मागे आणि ओसरीच्या कठड्यावर बाकीच्या दहा बाया त्याच्या शेपटीकडे डोळे लावून.

दिवेलागणीला शेपटी उचलली गेली. पहिली लीद पडली आणि हौसानं अशी आरोळी ठोकली की समोरच्या आळीतले लोक बाहेर आले. बायजाबाईनं हात जोडले. मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं.

"आज रात्री नुसतं पाणी, उद्या थोडं सुकं गवत," डॉक्टरीण हात धुताना म्हणाली. "या दिवसांतलं कोवळं, ओलं गवत उन्हात सुकवल्याशिवाय घालू नका. चार दिवस खुरांना हात लावून बघा, असं खाल्लं की घोड्याची खुरं आतून सुजतात. गरम लागली तर लगेच फोन करा."

ती गेली. बाया मात्र हलल्या नाहीत. मी त्याच्या खुरावर हात ठेवला. थंड होतं. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात मी ते उखाण्यात एकदा घेतलं, तेही सासूनं चिमटा काढल्यावर. पण आता दुसरं काही सुचेना.

"हिरामण," मी सगळ्यांदेखत म्हटलं, "चुकले रे मी."

बत्ताशानं कान टवकारले आणि मान उंचावून दाराकडे पाहिलं. मघापासून पहिल्यांदाच त्यानं मान उचलली होती. म्हणून मी ते नाव परत घेतलं.